कमिटीत आपलं माणूस हवं!

'स्वयंसेवक' म्हटलं की डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर प्लास्टिक गोळा करणारी मुलं, रक्तदान शिबिरात चहा-बिस्किटं वाटणारे एनएसएसवाले. वर्षाचे १२० तास भरले की विषय संपला. ही कामं चांगलीच आहेत, करत राहा. पण आगाशी-विरार पट्ट्यातल्या तुमच्यापैकी ज्यांनी मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा डीएमएलटी घेतलंय, त्यांची आणखी एका ठिकाणी गरज आहे. तिथे टी-शर्ट मिळत नाही, रीलही होत नाही. तिथे मसुदे वाचायचे, चूक दिसली तर ती दाखवायची आणि वेळेवर तोंड उघडायचं. हे काम म्हणजे आपल्या व्यवसायाच्या सल्लागार समितीवर बसणं.

कंटाळवाणं वाटतंय? मग युरीन कल्चरचा एखादा रिपोर्ट आठवा. प्रत्येक अँटिबायोटिकपुढे 'एस' किंवा 'आर' असं अक्षर असतं. म्हणजे औषध लागू पडेल किंवा पडणार नाही. डिस्कभोवती किती मिलिमीटरचं वर्तुळ दिसलं म्हणजे 'एस' लिहायचं, हे गल्लीतली लॅब ठरवत नाही. भारतातल्या अनेक लॅब त्यासाठी अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचे 'एम १००' तक्ते वापरतात. हे तक्ते दरवर्षी सुधारले जातात आणि ते सुधारणाऱ्या समितीतले लोक स्वयंसेवक असतात. आपापली नोकरी सांभाळून ते हे काम करतात. आगाशीतल्या आजीला कोणती गोळी द्यायची, यात या कधीही न दिसणाऱ्या माणसांचा असा वाटा असतो.

आता आपल्याकडे बघू. नर्सिंगसाठी १९४७ मध्ये कायदा झाला, फार्मसीसाठी १९४८ मध्ये. लॅबमधल्या माणसांसाठी देशपातळीवरचा कायदा यायला मात्र २०२१ साल उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत आणि पहिलाच गट मेडिकल लॅबोरेटरी आणि लाइफ सायन्सेसचा आहे. लॅब टेक्नॉलॉजिस्टसोबत बायोटेक्नॉलॉजिस्टही त्यात येतात. प्रत्येक गटासाठी व्यावसायिक परिषद असेल, तिच्यावर अध्यक्ष आणि ४ ते २४ सदस्य असतील. राज्याराज्यांत परिषदा असतील आणि त्यांना सल्लागार मंडळंही नेमता येतील. थोडक्यात, खुर्च्या कायद्यानेच मांडून ठेवल्यात.

पण कायदा कागदावर आला म्हणून तो लागू होतोच असं नाही. अंमलबजावणी रखडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेली ती याच व्यवसायातल्या लोकांची संघटना, जॉइंट फोरम ऑफ मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया. १२ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांत कायदा अमलात आणायला सांगितलं. वर्गणी, बैठका, पत्रं असल्या रटाळ कामातूनच संघटना इथवर पोहोचते.

आमचं म्हणणं सरळ आहे. या खुर्च्या रिकाम्या राहणार नाहीत. लॅबमध्ये उभं राहून काम करणारा माणूस तिथे बसला नाही, तर दुसरा कुणी बसेलच. अभ्यासक्रमात किती तास प्रॅक्टिकल हवं, इंटर्नशिप किती दिवसांची, नोंदणीसाठी काय लागेल, हे मग तोच ठरवेल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही कोणाची हवी हे स्पष्ट केलं: पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची. त्या एका निकालाचा संबंध डीएमएलटी करून स्वतःची लॅब टाकण्याच्या किती जणांच्या बेताशी होता, ते आठवा. निर्णय पटो न पटो, तो घेतला जात असताना आपली बाजू मांडणारं कुणीतरी तिथे असायला हवं. न विचारता ठरवलं की काय वाटतं, हे वसईच्या पश्चिम पट्ट्याला वेगळं सांगायला नको. आपली गावं महापालिकेत घेतल्यावर केवढं आंदोलन झालं, हे घरी विचारा.

'पण फुकट का राबायचं?' हा प्रश्नही रास्त आहे. स्वयंसेवेच्या नावाखाली बिनपगारी सॅम्पल गोळा करायला लावणं ही पिळवणूकच, तिथे बेधडक नाही म्हणा. समितीचं काम वेगळं. तिथे तुमचे हात वापरले जात नाहीत, तुमचं मत विचारलं जातं. तरी त्यालाही खर्च असतो. विरारहून मुंबईला बैठकीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि पगारही कापला जातो. म्हणून प्रवासखर्च मिळावा, बैठक ऑनलाइन व्हावी, त्या दिवसाची रजा मिळावी, ही मागणीही समितीत बसूनच रेटायला हवी. नाहीतर ज्यांना परवडतं तेच तिथे दिसणार.

मग पदवी हातात येईपर्यंत थांबायचं का? अजिबात नाही. कॉलेजच्या विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवांना जागा असते. तुमच्या लॅबमधला मोडका मायक्रोस्कोप हा तिथला विषय आहे. भारतीय मानक ब्युरो आपल्या मानकांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवते, वैद्यकीय उपकरणांचेसुद्धा. ग्रुपमध्ये एक मसुदा वाटून घ्या, वाचा, एक तरी मुद्देसूद सूचना पाठवा. २०२१ चा कायदा स्वतः वाचा. पास झाल्यावर नोंदणी करा, संघटनेचं सदस्य व्हा आणि पहिल्याच सभेत मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा.

सुरुवातीला कुणी फारसं ऐकणार नाही. 'अजून लहान आहात' असंही म्हणतील. तरी पुढच्या बैठकीला जा. दर वेळी वाचून येणाऱ्या माणसाला फार काळ टाळता येत नाही.