पोकरचे कॅमेरे थांबले, पुढचं आपण ठरवू

बंगळुरूच्या चिकपेट, नगरथपेठ, कॉटनपेठ, अव्हेन्यू रोड या भागातल्या मराठी घरांसाठी हे लिहितो आहे. आपल्यात सांगली-साताऱ्याकडून आलेली, सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली कुटुंबं आहेत, शिंपीकामात आणि कापडात पिढ्या घालवलेली कुटुंबं आहेत. त्यांतली काही मुलं गेल्या काही वर्षांत अशा धंद्यात शिरली, ज्याचं नाव घरात मोठ्याने घेतलं जात नसे. पोकरचे सामने चित्रित करायचे, त्यांवर कॉमेंट्री करायची, तासन्‌तासाचं चित्रण कापून पंधरा मिनिटांचा व्हिडिओ करायचा, स्पर्धांच्या बातम्या लिहायच्या. यातले कित्येक जण स्वतः एक रुपयाही लावत नव्हते.

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याच दिवसांत बड्या कंपन्यांनी पैशाचे डाव थांबवले. पोकरबाजी थांबलं, बंगळुरूच्याच गेम्सक्राफ्टचं पॉकेट५२ थांबलं. इथलीच एमपीएल भारतातली सुमारे ६० टक्के माणसं कमी करणार, अशी बातमी महिनाअखेरीस आली. ड्रीम११ क्रिकेट संघाच्या जर्सीवरून गेली, ते तर सगळ्यांनीच पाहिलं. पण या कंपन्यांच्या जाहिरातींवर ज्यांची चूल पेटत होती, त्या कॅमेरावाल्यांबद्दल, एडिटरांबद्दल, निवेदकांबद्दल फारसं कुठे छापून आलं नाही.

त्यांचं काम एवढं झटपट का थांबलं, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. क्रिकेट लोक मुळात पाहायला येतात, म्हणून जाहिरातदार मागे येतो. पोकरच्या प्रक्षेपणात जाहिरातदारच बहुतेक वेळा पोकर चालवणारा असतो. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वाहिनीने 'लेट नाइट पोकर' सुरू केलं. टेबलात काच बसवून खालून कॅमेऱ्याने खेळाडूचे झाकलेले पत्ते दाखवले. तोवर कंटाळवाणा वाटणारा खेळ एकदम बघण्याजोगा झाला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन हिशेबनीस शंभर डॉलरहून कमी पैशांत ऑनलाइन पात्रता फेरी खेळून जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ते टीव्हीवर पाहून लाखो लोक ऑनलाइन टेबलांवर बसले. तेव्हापासून दाखवणारा आणि खेळवणारा यांचे हिशेब एकमेकांत गुंतले ते गुंतलेच.

चिकपेटच्या माणसाला हे चटकन कळेल. साड्यांच्या गल्लीत तोंडाशी उभा राहून गिऱ्हाईक अमुक दुकानात नेणारा माणूस असतो, त्याला त्याची दलाली दुकानदार देतो. यूट्यूबवरचे कित्येक पोकर चॅनल हेच करत होते. व्हिडिओखाली लिंक आणि कोड. त्या कोडने कुणी खातं उघडलं की चॅनलवाल्याला ठरलेली रक्कम, काही करारांत तर त्या खेळाडूकडून कंपनीला होणाऱ्या कमाईतला वाटा. म्हणजे बघणारा जितका जास्त खेळणार, तितका दाखवणाऱ्याचा लाभ. यातला प्रत्येक जण फसवत होता असं मी म्हणणार नाही. पण बघणाऱ्याला ही दलाली दिसत नव्हती, आणि हे मला चुकीचंच वाटतं. ऑनलाइन पैशाच्या खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोकांचे सुमारे २०,००० कोटी रुपये जातात, असा सरकारचा अंदाज आहे. म्हणून जाहिरातीवरची बंदी मला योग्य वाटते. त्या बंदीने ज्यांचा रोजगार गेला, त्यांच्याशी माणुसकीने वागणंही तितकंच योग्य वाटतं.

असं पूर्वी झालेलं आहे. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांच्या मालकांवर खटले भरले. फुल टिल्टच्या पैशावर चालणारा एनबीसीवरचा 'पोकर आफ्टर डार्क' हा कार्यक्रम त्याच वर्षी बंद पडला. ज्यांचे पैसे फुल टिल्टमध्ये अडकले, त्या अमेरिकन खेळाडूंना ते परत मिळायला २०१४ उजाडलं. आज ना उद्या सुरू होईल या आशेवर थांबलेल्यांची वर्षं गेली.

आपल्याकडेही ती आशा लोकांच्या मनात आहे, आणि तिला कारण आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये अशीच बंदी आणली होती आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण तो राज्याचा कायदा होता, हा संसदेचा आहे. या नव्या कायद्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. मुलांनो, कोर्टाच्या तारखांवर घरभाडं ठरवू नका.

आता या कामात असलेल्यांना थेट सांगतो. कायद्यात जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मजकूर प्रत्यक्ष असो वा आडून, पैशाच्या ऑनलाइन खेळाकडे ओढणारा असेल तर तो यात येतो. करायला मदत करणाराही येतो, म्हणजे एडिटर आणि निवेदकही. खेळाची बातमी देणं वेगळं आणि कोड देणं वेगळं. म्हणून जुने व्हिडिओ उघडा, खालच्या लिंक आणि कोड काढा, वर खिळवून ठेवलेल्या कमेंट तपासा. व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा असला तरी तो आजही दिसतो आहे. काय ठेवायचं याबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारा, चॅनलवाल्या मित्राला नाही.

यापुढे सर्वांत मोठा धोका परदेशी सट्टा कंपन्यांचा आहे. इथल्या कंपन्या गेल्या, की हे लोक रिकामी झालेली मुलं शोधत येतात. बोलणं टेलिग्रामवर, पैसे क्रिप्टोत, करारावर धड पत्ता नाही. "फक्त स्पोर्ट्स ब्लॉगचं नाव दाखवायचं," असं सांगतात. बातम्यांच्या नावाआडून सट्ट्याची जाहिरात करू नका, असं माहिती व प्रसारण खात्याने २०२२ पासून पुन्हापुन्हा बजावलं आहे. वनएक्सबेट या सट्टा कंपनीच्या प्रकरणात नावाजलेल्या क्रिकेटपटूंनाही ईडीने चौकशीला बोलावलं. तिथे कंपनी परदेशात राहते, चेहरा मात्र तुमचा असतो आणि पत्ता चिकपेटचा. असा पैसा घेऊ नका. महिना कितीही ओढाताणीचा असो, घेऊ नका.

जुनं बिल थकलं असेल तर तोंडी विनवण्या थांबवा. करार, ईमेल, बिलं एकत्र करून लेखी मागणी करा. काम करताना तुमची उद्यम नोंदणी होती का, ते पाहा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि ते न मिळाल्यास सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि कामाचं म्हणाल, तर घराबाहेर पडून बघा. चिकपेटातली कितीतरी साडीची दुकानं आज मोबाइल लावून थेट विक्री करतात. काठाचा रंग पिवळट दिसतो, आवाज घुमतो, दाखवणारी मुलगी किंमत सांगायला विसरते. चार कॅमेरे एका वेळी सांभाळलेल्या मुलाला हे आठवड्याभरात सुधारता येईल. पोकरचं गणित सोपं करून सांगणाऱ्याला बुद्धिबळाचं समालोचन जड नाही. कमाई सुरुवातीला कमीच असेल, हे खोटं सांगून उपयोग नाही.

आई-वडिलांना एकच विनंती. मुलाला जुगारी म्हणू नका. पगार कुणाचा होता आणि काम काय होतं, हे शांतपणे विचारा. त्यासोबत हेही बघा की दाखवता दाखवता तो स्वतः खेळायला लागला होता का. प्रक्षेपणात सगळ्यांचे पत्ते उघडे दिसतात, हरलेले शेकडो डाव कापलेले असतात, त्यामुळे जिंकणं सोपं आहे असं रोज बघणाऱ्याला वाटू लागतं. रात्रीची झोप गेली असेल, मित्रांकडची उधारी वाढली असेल, बोलणं तुटक झालं असेल, तर थांबू नका. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा मदत मागायला घाबरायचं कारण नाही. निम्हान्स आपल्याच शहरात आहे, तिथे मोबाइल आणि ऑनलाइन खेळांच्या व्यसनासाठी शट क्लिनिक आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर जाते. मुलगा स्वतः फोन करायला तयार नसेल, तर आईने किंवा वडिलांनी आधी करावा.