हिरवा रंग म्हणजे माती नव्हे

कोळशाच्या उघड्या खाणींनीं उकरलेली वर्धा खोऱ्यांतील जमीन पुनः सुस्थितींत येत आहे, असें हल्लीं आपणांस वारंवार ऐकविलें जातें. पुरावा म्हणून उपग्रहानें टिपलेलीं छायाचित्रें पुढें करण्यांत येतात. पूर्वीं जेथें करडा डाग होता तेथें आतां हिरवा आहे. मग तक्रार ती कसली? आमची तक्रार नेमकी त्या हिरव्या रंगाविषयींच आहे.

वणी, घुग्घुस, सास्ती या टापूंत कोळसा काढावयाचा म्हणजे त्यावरील सारे थर आधीं उपसावे लागतात. सर्वांत वर असते ती कापूस-तुरीची काळी रेगूर. ती वेगळी काढून जपून ठेवावी, अशी अट परवानगी देतांनाच घातलेली असते. ही अट तंतोतंत पाळली असें घटकाभर धरून चालूं. तरीहि वर्षानुवर्षें उंच ढिगांत कोंडलेल्या मातीच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. गांडुळें मरतात, मुळांशीं सख्य करून त्यांना स्फुरद पुरविणारी बुरशी नष्ट होते. पुढें तीच माती अवजड यंत्रांनीं पसरली म्हणजे दडपून अशी घट्ट होते कीं तींत पाणी मुरत नाहीं आणि मूळ शिरत नाहीं. (शेतकऱ्याला हें सांगावें लागत नाहीं, ओल्या रानांत तो गाडीसुद्धां घालीत नाहीं.) जेथें माती मुळींच जपली नसेल तेथें रोपांच्या वाट्यास खडकाचा चुराच येणार. सुबाभूळ असल्या जागींहि तग धरते. परंतु झाड तगलें म्हणून जमीन पिकाऊ झाली, हा कोठला न्याय?

आतां देखरेखीकडे वळूं. रांचीची सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट ही संस्था उघड्या खाणींची पाहणी उपग्रहाच्या साह्यानें करीत आली आहे; मोठ्या खाणींची दरवर्षीं, लहानांची तीन वर्षांनीं. चालू खाण किती, भरून काढलेला भाग किती, लागवड किती, असे हेक्टर मोजले जातात. हें काम निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. खड्डा भरला कीं नाहीं हें आकाशांतून चांगलें दिसतें. पण झाडांच्या छायेखालच्या मातींतील सेंद्रिय कर्ब, तिचा सामू, तिचा घट्टपणा, पाणी धरण्याची शक्ति हीं तेथून कशीं दिसावींत? त्यासाठीं कुदळ घेऊन खालींच उतरलें पाहिजे, तेंहि त्याच जागीं दरवर्षीं. आणि शेजारच्या न खणलेल्या शेताची मातीहि बरोबर तपासली पाहिजे.

देशाला कोळसा हवा, तेव्हां एवढें सोसावेंच लागेल, असें यावर उत्तर मिळतें. कोळसा अमेरिकेलाहि हवा होता. तेथें १९७७ च्या कायद्यानें उत्तम शेतजमिनीच्या मातीचे थर वेगवेगळे काढून त्याच क्रमानें परत घालावयास लावले. आणि आसपासच्या तशाच अखंड जमिनीइतकें पीक येईपर्यंत खाणवाल्याचें तारण पुरतें मोकळें होत नाहीं. तेथें सर्व आलबेल आहे असें नव्हे. परंतु मोजमाप पिकाचें आहे, रंगाचें नाहीं.

आपल्याकडेहि २००९ पासून खाण बंद करण्याच्या खर्चाची रक्कम हेक्टरी हिशेबानें एस्क्रो खात्यांत ठेवण्याचा नियम झाला आहे. सर्वोच्च न्यायालयानें तर ८ जानेवारी २०२० रोजीं, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर चाऱ्याचें गवत उगवलें पाहिजे अशी अट घालण्यास सरकारला सांगितलें. म्हणजे पैसा आहे, आदेशहि आहे. मग त्या खात्यांतील रक्कम परत करण्यापूर्वीं मातीच्या तपासणीचा निकाल मागावयास अडचण कोणती? तो निकाल ज्यांचीं शेतें गेलीं त्या गांवांच्या ग्रामपंचायतींत मराठींत लावावा, आणि तपासणीचें काम खाण-खात्याशीं संबंध नसलेल्या कृषि विद्यापीठाकडे सोंपवावें. अकोल्याचें विद्यापीठ कांहीं फार दूर नाहीं.