खिशातले अवजार निवडताना
१९७५ साली युरोपच्या प्रवासात जुनी फियाट मोटार वारंवार नादुरुस्त होत असता, खिशातील चाकूला पक्कडीची जोड हवी होती या जाणिवेतून टिम लेदरमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली जे बहुगुणी अवजार विक्रीस आणले, त्यामागील दृष्टी मला आजही प्रमाण वाटते. म्हणून सह्याद्रीत हिंडणाऱ्याने पात्यांची संख्या मोजण्यापूर्वी पक्कड पारखावी, आणि मिटल्यावर तिची टोके नीट भिडत नसतील तर ते अवजार बेलाशक नाकारावे. उघडलेले पाते खटक्याने पक्के बसलेच पाहिजे, कारण ओल्या हातांनी दोर कापताना ते अवचित मिटले तर घाव बोटांवरच बसतो. कोकणच्या दमट हवेत स्टेनलेस स्टीलही डागाळते. सांध्यांना तेलाचा थेंब जरूर द्यावा. नित्य वापरासाठी लहान स्विस चाकू पुरेसा आहे, मात्र विमानाच्या केबिनमध्ये त्यालाही मज्जाव असतो.