पेटी बांधण्याआधी

भंडारा, तुमसर, साकोलीकडील कोणाचा मुलगा सौदी किंवा दुबईला कामाला निघाला असेल, तर आयाबहिणींनो, पेटी बांधताना आमचे ऐका. मसाल्यासोबत खसखस देऊ नका. आपली ही साधी खसखस तिथे अमली पदार्थात धरतात. तेवढ्यावरून तुरुंग होऊ शकतो.

दहावी न झालेल्यांना तिकडे नोकरीसाठी सहसा सरकारची उत्प्रवास परवानगी लागते. एजंट 'व्हिजिट व्हिसावर चल' म्हणाला, तर जाऊ नये. कराराची एक प्रत घरी ठेवावी.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीही पिऊ नये, आडोशाला प्यावे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुबईत दुपारी साडेबारा ते तीन आणि सौदीत दुपारी बारा ते तीन उन्हात काम करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ती मालकाची मेहरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे. मुलाला हे सांगूनच पाठवा.