पाणी सजीव की निर्जीव?



गेल्या महिन्यात आमच्या धाकटीचा परिसर अभ्यासाचा पेपर घरी आला. तिसरीत आहे ती. ‘सजीव आणि निर्जीव वेगळे करा’ असा प्रश्न होता आणि खाली दहा शब्द दिले होते. दगड, पाणी आणि माती हे तीन शब्द तिने सजीवांच्या रांगेत लिहिले होते आणि तिन्हींवर लाल फुली होती. खुर्ची मात्र निर्जीवात बरोबर लिहिली होती. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. “पाठशाळेत तर पृथ्वीकायिक, जलकायिक जीव शिकवलेत ना गं?” असं म्हणून ती रडायलाच लागली.

मला राग आला. खरं सांगते, बाईंचा आला. त्याच रात्री शाळेच्या डायरीत मी चांगली पाऊण पान चिठ्ठी लिहिली की आमच्या धर्मात असं आहे, मुलीने श्रद्धेने लिहिलं आहे, तिचे गुण कापू नयेत वगैरे. दुसऱ्या दिवशी त्याखाली बाईंची एकच ओळ आली. ‘ताई, सवड काढून एक दिवस वर्गात येऊन बसा.’

मी गेले. मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, साडेदहापासून शाळा सुटेपर्यंत बसले. आपल्यापैकी किती जणींनी आपल्या मुलाचा वर्ग चालू असताना पाहिला आहे? आपण पाहतो ते फाटकापाशी, नाहीतर स्नेहसंमेलनात. ग्रुपवर मात्र आपली मतं रोज असतात.

परिपाठ झाला, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, सगळं आपल्या वेळेसारखंच. मग मराठीचा तास. बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला, ‘सकाळ’. आपापल्या घरच्या सकाळबद्दल पाच वाक्यं लिहा आणि मोठ्याने वाचा. एकाच्या घरी दूध घालायला जायची घाई, एकीचे बाबा रात्रपाळीहून येतात म्हणून टीव्ही बंद. आमचीने लिहिलं होतं, ‘आई दुहेरी कपड्यातून पाणी गाळून भरते.’ बाईंनी विचारलं, का गाळते? ही उभी राहून म्हणाली, “पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून.” शेजारचा मुलगा म्हणाला, “आमच्याकडे पण गाळतात, पण गढूळ येतं म्हणून.” कोणी हसलं नाही. बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि ‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ ओढली. त्यांना तिथं ‘म्हणून’ शिकवायचं होतं. माझ्या मनात मात्र ती दोन वाक्यं दिवसभर राहिली.

गणितात शतक, दशक, एकक चाललं होतं. मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे. दहा काड्यांना रबर लावायचं की झाला दशक. एकशेआठ ही संख्या आली तेव्हा निम्मा वर्ग अडकला, 18 लिहिलं, 1008 लिहिलं. आमचीने झटकन 108 लिहिलं. बाईंनी कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आजीच्या जपमाळेत तेवढे मणी असतात. एक शतक, दशक एकही सुटा नाही, वर आठ.” मला इतका आनंद झाला की विचारू नका. आणि त्याच क्षणी थोडी लाजही वाटली, कारण 108 च का, हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. सांगायला काय अवघड आहे? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. पाप यायच्या 108 वाटा, म्हणून 108 मणी. तिसरीच्या मुलीला येणारा गुणाकार आहे हा. आपण माळ हातात देतो आणि गुणाकार आपल्यापाशीच ठेवतो.

त्यानंतर पुठ्ठ्याचं घड्याळ. काटे फिरवून वेळ सांगायची, अमुक मिनिटांनी किती वाजतील ते सांगायचं. इथंही माझ्या डोक्यात मुहूर्तच आला. 48 मिनिटं, म्हणजे दोन घटिका. सात वाजून दहा मिनिटांनी गाळलेलं पाणी सात अठ्ठावन्नपर्यंत, पुढं पुन्हा गाळायचं. असे तीस मुहूर्त झाले की 1440 मिनिटं, एक पूर्ण दिवस. घरी आल्यावर तिला करायला लावलं. आता पिंपाशेजारी पाटी ठेवलीय आणि पाणी गाळलं की ती वेळ लिहिते. सासूबाईंना वेळ लिहायची गरज कधी पडली नव्हती, पण त्याही पाटी बघतात.

दुपारी परिसर अभ्यास. मी कान टवकारले. बाईंनी मुलांना मैदानात नेलं आणि सांगितलं, जमिनीवर पडलेल्या पाच वस्तू उचला, झाडाचं काही तोडायचं नाही, किडामुंगी उचलायची नाही, नुसती बघायची. (हे त्या आमच्यासाठी म्हणत नव्हत्या, नेहमीच म्हणतात.) परत आल्यावर वर्गीकरण. खातं का, वाढतं का, श्वास घेतं का, आपल्यासारखं दुसरं तयार करतं का, हे चार प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायचे. वाळकं पान घेऊन मुलं जोरात भांडली. झाडावर होतं तेव्हा सजीव, आता काय? बाईंनी उत्तर दिलं नाही, पुन्हा तेच चार प्रश्न विचारायला लावले. मग मला पेपरमधल्या फुलीचा अर्थ लागला. तो प्रश्न ‘जगात जीव कुठं कुठं आहे’ असा नव्हताच. ‘या चार कसोट्या लावल्या तर ही वस्तू कुठं बसते’ एवढाच होता. त्या कसोट्यांवर पाणी निर्जीवच बसतं. बाईंनी फुली मारली ती बरोबर होती. माझी पाऊण पानाची चिठ्ठी चुकीची होती.

आता आपल्याकडची कसोटी लावून पाहा. आपल्या शास्त्राप्रमाणे तरी ‘पाणी सजीव’ हे उत्तर पूर्ण आहे का? विहिरीचं कच्चं पाणी म्हटलं तर जलकायिक जीव आहेत. तेच उकळलं की आपणच त्याला प्रासुक म्हणतो आणि मुनींच्या आहारात चालतं म्हणतो. खाणीतला दगड आणि पायरीला बसवलेला घडीव दगड यांतही फरक करतो. म्हणजे पाठशाळेतल्या कोणी तिला नीट विचारलं असतं, तर ‘कोणतं पाणी?’ हा उलट प्रश्न तिने करायला हवा होता. तिला आपण शब्द पाठ करून दिले, विचार करायला दिलाच नाही. तिथं मार्क आपलेही गेले.

आणखी एक. मी पेपरचा फोटो आपल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला होता, तेव्हा पाच मिनिटांत तो नेहमीचा मेसेज आला, सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव दिसले, म्हणजे विज्ञानानेही आपलं म्हणणं मान्य केलं. मैत्रिणींनो, हा मेसेज मुलांच्या हातात देऊ नका. सूक्ष्मदर्शकातून दिसतात ते पाण्यात राहणारे, हलणारे-फिरणारे जीव. जलकायिक म्हणजे पाणी हेच ज्याचं शरीर आहे तो जीव. ते भिंगातून मोजायची गोष्टच नाही. दोन्हींची गल्लत केली की विज्ञानही चुकतं आणि धर्मही. मूल उद्या सातवी-आठवीत स्वतः भिंगाखाली थेंब बघेल, आकडा जुळणार नाही, आणि मग त्याला वाटेल की घरी सांगितलेलं सगळंच असलं.

माझ्या जाऊबाईंना हे पटलेलं नाही. त्या म्हणतात, “शाळेत एक लिहायचं आणि घरी एक मानायचं, हे पोरीला आत्तापासून शिकवणार? मग मोठेपणी बाहेर एक खाईल आणि घरी एक सांगेल.” त्यांचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. ही भीती माझ्याही पोटात आहे. पण खोटं बोलणं आणि प्रश्न कोणी कोणत्या मापाने विचारलाय हे ओळखणं यांत फरक आहे, असं मला वाटतं. कापड मीटरने मोजतात, दूध लिटरने. स्याद्वाद आपला, ‘कोणत्या अपेक्षेने’ हा प्रश्न आपला. तो तिसरीच्या पेपरात वापरायला कमीपणा का वाटावा? जाऊबाईंचं दुसरं म्हणणं की आपली वेगळी शाळाच हवी. त्यावर मी एवढंच म्हटलं, कुंभोजला जैन घरात जन्मलेल्या कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, ती साऱ्या रयतेच्या पोरांसाठी. त्यावर त्या गप्प बसल्या, पण पटलं म्हणून नव्हे.

आता चित्रकलेचा तास. यावर माझं मत जरा कडक आहे. ठसेकाम होतं. मागच्या वर्षी याच तासाला अर्धा बटाटा आणायला सांगितलं होतं आणि मी चिठ्ठी दिली होती, ‘आमच्यात चालत नाही, तिला वगळावे.’ तिला वगळलं. चाळीस मिनिटं ती हाताची घडी घालून दुसऱ्यांची रंगलेली बोटं बघत बसली. घरी येऊन विचारलं, “मैत्रिणीने कापलेला बटाटा मी नुसता रंगात बुडवला असता तर?” तेव्हा मी तिला गप्प केलं. खरं तर तो कृत-कारित-अनुमोदनेचाच प्रश्न होता, आणि पोरीने तो न शिकवता विचारला होता. बसून बोलायला हवं होतं.

या वर्षी मी बाईंना आधीच विचारलं, भेंडी चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल काय, जास्त छान उठते. भेंडी आडवी कापली की फूलच. फजिती एवढीच की तो दिवस अष्टमीचा निघाला आणि सासूबाई म्हणाल्या, आज हिरवं कापायचं नाही. शेवटी गळून पडलेली पिंपळाची पानं आणि बाटलीची झाकणं नेली. पानाच्या शिरा कागदावर इतक्या सुरेख उमटल्या की तिघीचौघींनी बटाटा बाजूला ठेवून हिची पानं मागून घेतली. म्हणून सांगते, ‘वगळावे’ हा शब्द शाळेच्या डायरीत लिहू नका. ‘याऐवजी हे आणले तर चालेल का’ असं लिहा. कोणत्याही बाई नाही म्हणणार नाहीत. आपल्या मुलाला धर्म म्हणजे बाजूला बसणं असं वाटायला लागलं, तर तो दोष शाळेचा नाही.

आणि आता आपली पाठशाळा. मी स्वतः दोन वर्षं रविवारी शिकवते, तेव्हा हे मलाही लागू आहे. मुलं मांडी घालून बसतात, आपण म्हणतो, ती मागून म्हणतात. णमोकार मंत्र धडाधड येतो, पण वंदन कोणाकोणाला केलं ते विचारा, पंचपरमेष्ठींची पाच नावं तीन मुलांना मिळून येत नाहीत. जिनेंद्र, तीर्थंकर, प्रतिक्रमण, सम्यक्त्व, सगळी जोडाक्षरांची खाण, पण लिहायला सांगितलं तर पेन्सिल थांबते. शाळेतल्या बाई एका दिवसात मुलांना उठवतात, बसवतात, मोजायला लावतात, भांडायला लावतात. आपल्याकडे हलवायला इतकं असून आपण मुलांना हलू देत नाही. एकेंद्रिय ते पंचेंद्रिय हे वर्गीकरणच तर आहे! स्पर्श, रस, गंध, दृष्टी, श्रवण, एकेक इंद्रिय वाढत जातं. झाड, गांडूळ, मुंगी, भुंगा, गाय. याची चित्रं करून जमिनीवर मांडली तर दहा मिनिटांत येईल, जे आपण दोन वर्षं घोकून घेतोय.

हे मी उत्साहाने धाकटीला सांगितलं, तर ती म्हणाली, “पण आई, बाईंनी भिंगातून मुंगी दाखवली, तिला डोळे होते. मग ती त्रींद्रिय कशी?” मला उत्तर आलं नाही. मलाही माहीत नाही असं तिला सांगितलं, आणि चातुर्मासात माताजी आल्या की दोघी मिळून विचारू असं ठरलं. तिने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवलाय, पुढे तारीख टाकलीय. तुमच्यापैकी कोणाला नीट उत्तर माहीत असेल तर मला आधीच सांगा.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता बस्तीच्या मागच्या खोलीत चित्रांचा हा खेळ मांडायचा आहे. जुनी कॅलेंडरं आणि मुलांची फाटकी चित्रांची पुस्तकं असतील तर रद्दीत टाकू नका, प्राण्यापक्ष्यांची चित्रं कापून आणा. शंख-शिंपले आणू नका, चित्रच हवं. आणि कोणाकडे जाड पुठ्ठा असेल तर तोही, घड्याळ करायचं आहे. 48 मिनिटांवर लाल खूण असलेलं.