पाणी कोणाच्या नावावर?

‘पाणी वापर संस्थेच्या सभेला बायका का येत नाहीत?’ असं अधिकारी मला नेहमी विचारतात. मी उलट विचारते : येणार कशा? सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं सभासदत्व दिलं ते लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला नाहीतर भोगवटादाराला. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. म्हणजे रात्री दारं धरायला बाई आणि मत द्यायला बाप्या! भूमिहीन बाईची तर गणतीच नाही.

दुसरी वाटच नव्हती, असं नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनांनाही वाटा, उसाला बंदी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे करायला लावला. जंगलात जे जमतं ते कालव्यावर का नाही?

आमची मागणी साधी आहे : पाण्याचा हक्क माणशी द्या, भूमिहीन आणि एकट्या बाईलाही. तोवर ‘लोकसहभाग’ म्हणजे निम्म्या लोकांचा सहभाग. मैत्रिणींनो, पुढच्या सभेत नुसत्या हजेरीपटावर सह्या करू नका. सभासदांची यादी मागा, त्यात बायका किती ते मोजा.