ओकच्या खोडावरील अळंबी

आमच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या इंग्लंडात असते. परसात ओकचा जुना वृक्ष आहे, फांदीला नातवाचा झोपाळा टांगलेला आहे, आणि खोडावर फळीसारखी अळंबी उगवली आहेत. शेजारी म्हणतात, झाड पाडा. पाडावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

कोकणातील ज्यांच्या घरी फणसांबा उगाळून मुलांच्या तोंडाला लावीत, त्यांना हे कुळ अपरिचित नाही. अळंब्याचे नाव ठरविताना वरच्या रंगावर विसंबू नये. ते किती उंचीवर आले आहे हे पाहावे आणि मग खालची बाजू न्याहाळावी.

मांसल, तांबडे, कापताच रक्तासारखा रस गाळणारे अळंबे म्हणजे फिस्ट्युलिना हेपाटिका. त्याच्या खालच्या नळ्या परस्परांस चिकटलेल्या नसतात. ही खूण पक्की. ते ओकचा गाभा फार सावकाश कुजविते आणि झाड वर्षानुवर्षे उभे राहते. त्याने गडद तपकिरी झालेले लाकूड तर सुतार मुद्दाम शोधतात! गंधकासारख्या पिवळ्या थरांचे लेटिपोरस मात्र लाकूड ठिसूळ करते. त्याचे चौकोनी तुकडे पडू लागतात. खाली चक्रव्यूहासारख्या वाटा असलेले, बुचासारखे कठीण अळंबे डीडेलिया क्वेर्सिना होय. लिनीअसने १७५३ साली त्याची नोंद केली. ते बहुधा मेलेल्या लाकडावरच आढळते.

आम्हांस धास्ती वाटते ती बुंध्याशी, जमिनीलगत येणाऱ्या जाड अळंब्याची. कोवळेपणी त्याच्या अंगावर मधाच्या रंगाचे थेंब जमतात. शास्त्रज्ञ यास पूर्वी इनोनोटस ड्रायेडियस म्हणत, आता स्यूडोइनोनोटस म्हणतात. हे मुळे कुजविते. पर्णसंभार हिरवागार असतानाही वृक्षाचा आधार गेलेला असू शकतो.

अळंबे खरवडून काढल्याने काहीही साधत नाही. ते केवळ फळ. खरा देह तंतुरूपाने लाकडात असतो. उलट खरवडल्याने ओळखीची खूणच नाहीशी होते.

पत्रासोबतच्या छायाचित्रात अळंबी वरून टिपली आहेत आणि बुंधा गवतात झाकलेला आहे. तेवढ्यावरून वृक्षास देहदंड सुनावणे आम्हांस मान्य नाही. कन्येने गवत बाजूस सारून बुंध्याचे व अळंब्यांच्या खालच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि तेथील वृक्षतज्ज्ञास दाखवावे. तोवर झोपाळा उतरवून ठेवावा.